वाळूच्या पोत्याची जागा

४ फेब्रुवारी

ठिणगे,

आशीर्वाद. खुशाली आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. खरं विचारशील तर माझा नवा खुबा थंडीत कुरकुरतो आणि तुझ्या आजोबांचं डोकं फिरलंय. दुसऱ्याचं कारण तू आहेस.

तुझं पत्र आलं तेव्हा मी मागच्या अंगणात होते, म्हणून ते त्यांच्या हाती लागलं. त्यांची जुनी गाडी तुझ्या गॅरेजात नेलीस, इंजिन पार उघडून पुन्हा बांधलंस, आठही सिलिंडर गातायत, तीनशे चाळीस घोड्यांची ताकद आली, इथवर ठीक होतं. नात वायरिंग करते, पाना चालवते, याचं मला कौतुकच आहे; तुला ठिणगी नाव मीच ठेवलं. पण घाटाच्या जुन्या रस्त्याला एप्रिलमध्ये कायमचं फाटक लागणार, सगळी रहदारी बोगद्यातून जाणार, आणि त्याआधी जुन्या गाड्यांची एक शेवटची चढण ठेवलीय, हे लिहायची काय गरज होती? त्या दिवसापासून म्हातारा रोज सकाळी गाडी चालवायचे बूट काढतो, पुसतो आणि परत ठेवतो. काल नाडी नवी घातली.

वय शहात्तर. वळणं तेवीस. आणि त्या गाडीची शेपूट कशी आहे ते तुला ठाऊक नाही, कारण त्यांनी शर्यती सोडल्याला पंचवीस वर्षं झाली आणि तू तेव्हा दुपट्यात होतीस. पाय जरा जास्त पडला की मागची चाकं जागच्या जागी गरगरतात, आणि मग गाडी तोंड कुठे करेल याचा नेम नाही. चांगले चांगले दरीत गेले. लोक त्यांना उस्ताद म्हणून डोक्यावर घ्यायचे, ते तेव्हा. आता त्यांना न्हाणीघराच्या उंबऱ्याशी मी हात देते.

तेव्हा माझं उत्तर एका शब्दाचं आहे. नाही.

फोन करू नकोस. पिठाच्या गिरणीच्या पट्ट्याने वीस वर्षांत माझे कान खाल्ले. फोनमध्ये मला तू आणि डास सारखेच.

आजी

१२ फेब्रुवारी

आजी,

नमस्कार लांबूनच, जवळ आले तर कान पिळशील.

तुझा 'नाही' वाचला. चार वेळा वाचला, दर वेळी 'नाही'च निघाला. आता माझं ऐक.

मी गाडीला ट्रॅक्शन कंट्रोल बसवतेय. ही गाडी बनली तेव्हा असलं काही नव्हतं, पण आता बाहेरून बसवता येतं. तुझ्या चष्म्याच्या घराएवढा काळा डबा. सीटखाली जातो. त्यातून चार वायरी निघतात, चार चाकांकडे. प्रत्येक चाकाच्या ब्रेकच्या तबकडीमागे एक सेन्सर लावलाय. तबकडीवरच्या बोल्टची डोकी त्याच्यासमोरून जातात, तो मोजतो. पुढची चाकं नुसती जमिनीबरोबर लोळतात, त्यामुळे ती खरं बोलतात. इंजिनचा जोर मागच्या चाकांना, त्यामुळे फुशारकी मारतात ती मागची. डबा दोघांचं ऐकतो. मागची पुढच्यांपेक्षा जास्त फिरायला लागली की समजायचं, घसरली. मग तो आठांतल्या एका सिलिंडरची ठिणगी गाळतो. नाही भागलं तर दुसऱ्याची. इंजिनचा दम जरासा कमी होतो, चाक जमीन धरतं, आणि ठिणगी परत सुरू. तू एकदा पापणी लववशील तोवर त्याचं वीसेक वेळा मोजून झालेलं असतं.

पहिल्या दिवशी फजिती झाली. सेन्सरची वायर मी प्लगच्या वायरीशेजारून नेली. तिथे इतकी कडकड असते की उभी गाडी ताशी ऐंशीने पळतेय असं डबा सांगायला लागला. दोन दिवस सगळं सोडवून वायर दुसऱ्या बाजूने, तळातून नेली. आता गप्प बसलाय शहाण्यासारखा.

एकच काम राहिलंय. डब्याला एक गोल कळ आहे, एकपासून दहापर्यंत. किती घसरू द्यायचं ते त्यावर ठरतं. फार कमी ठेवलं तर गाडी चढावर रडत जाते, फार जास्त ठेवलं तर डबा असून नसल्यासारखा. हे पुस्तकात मिळत नाही. पण आपल्या घरात तर उस्ताद आहेत! त्यांच्या पायाला जे कळायचं, ते डब्याला शिकवायचं. दोन दिवस पाठव त्यांना. सुखरूप परत देते.

ठिणगी

२० फेब्रुवारी

ठिणगे,

पत्र वाचता वाचता भाजी करपली. ती तशीच खाल्ली.

तुझ्या डब्यावर माझा आधी विश्वास बसला नाही. मग मी दूधवाल्याला धरलं. त्याच्या सायकलच्या दोन्ही चाकांना खडूने रेघ मारली आणि त्याला म्हटलं, त्या ओल्या उतारावरून वर चढून दाखव. तो म्हणाला, "आजी, दूध नासेल." मी म्हटलं, "नासू दे, मी घेते." नळाशेजारचा तो चिखल तुला माहीत आहे. तो पाय मारत होता आणि मी ओणवी होऊन खडूच्या रेघा मोजत होते. समोरच्या खिडकीत दोन बायका हसायला उभ्या राहिल्या. त्यांना तेवढंच काम.

पुढचं चाक पाच वेळा फिरलं. मागचं सात.

सातातून पाच गेले दोन. मी तिथेच चिखलात थांबले. ही दोनच घसरण! एवढंच होतं? जिच्यापायी माणसं गेली, जिचा अंदाज घेण्यात आमच्या अंगाचं पाणी व्हायचं, ती नुसती मोजायची गोष्ट होती? दुसरीच्या पोराला येणारी वजाबाकी? मी गिरणीत उभ्या उभ्या आयुष्य काढलं. एक मोठी पुली, एक लहान पुली, मध्ये पट्टा. पट्टा घसरायला लागला की आवाज मागाहून येतो. आधी पायाखालची फरशी वेगळी थरथरते. ते मला कळायचं, पण मी कधी मोजलं नाही. मोजता येतं हे कुणी सांगितलंच नाही. ज्याच्या डोक्यात हे पहिल्यांदा आलं त्याला माझा दंडवत सांग. असला कुठे तर.

म्हाताऱ्याला पाठवते. मंगळवारच्या बसने. पण एक नीट ऐक. कळ कितीवर ठेवायची ते त्यांच्या पायाला विचारून ठरवू नकोस. तुझ्या डोक्याने ठरव. का, ते विचारू नकोस.

आणि एक सांग. डब्याला चाकं कळतात. पण चाक घसरायच्या आधी गाडीचं ढुंगण हलतं, ते त्याला कळतं का?

आजी

६ मार्च

आजी,

तू बरोबर होतीस. आजोबा ठीक आहेत, आधी तेच लिहिते. त्यांना बसमध्ये बसवून आले आणि लिहायला बसले.

बंद पडलेल्या कारखान्याचं सिमेंटचं मोठं आवार आहे, तिथे गेलो. मी पाइपने सगळं ओलं केलं. आजोबा ते बूट घालून आले होते, नव्या नाडीचे. गाडीत बसले तर दहा वर्षांनी लहान दिसायला लागले. म्हणाले, "डबा नावाला ठेव. कळ कर दहावर. बाकी पाय बघून घेईल." तू सांगितलं होतंस, तरी मी ऐकलं त्यांचंच. उस्तादांना मी काय शिकवणार?

मग म्हणाले, "बाजूच्या सीटवर वाळूचं पोतं ठेव." मी विचारलं कशाला. म्हणाले, "जागा रिकामी असली की चालवता येत नाही." ठेवलं.

पहिल्या दोन फेऱ्या बेताच्या होत्या. तिसरीला त्यांनी जोर दिला. वळणाच्या मध्यावर शेपूट सुटली, आजी. गाडी तीन गिरक्या घेऊन जुन्या टायरांच्या ढिगात मागून शिरली. मी धावले तर ते स्टिअरिंग धरून बसलेले, ओरखडाही नाही. मागचा एक दिवा फुटला, बस. पण ते पोत्याकडे बघत होते. गिरक्या चालू असतानाही त्यांची मान पोत्याकडेच होती.

मी लॅपटॉपवर नोंद उघडली. डबा सगळं लिहून ठेवतो, पेडल किती दाबलं तेही. मागची चाकं पुढच्यांच्या सव्वापट झाली होती, गाडी आडवी झाली होती, आणि पेडलची रेघ सरळच्या सरळ. पाय उचललाच नाही. घाबरून जास्त दाबला असता तरी मला समजलं असतं. पण काहीच नाही, जणू पायाला कुणी कळवलंच नाही.

नंतर ते गॅरेजात स्टुलावर बसले, बूट काढून पंजा चोळत. एवढंच म्हणाले, "झालं माझं."

वय झालंय, हे मला आधी कळायला हवं होतं. चढणवाल्यांना नाव काढून टाका म्हणून उद्या कळवते.

ठिणगी

९ मार्च

ठिणगे,

काही कळवू नकोस. थांब.

म्हातारा परवा आला, बूट माळ्यावर टाकले, आणि तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून बसलाय. त्यामुळे आता मला लिहावं लागतंय. हे मी बेचाळीस वर्षांत कुणाला बोलले नाही, त्यांनाही नाही. पत्र वाचून झालं की फाड.

वयाचा काही संबंध नाही. पाय तेव्हाही तसाच होता.

ते चौतीस वर्षांचे असताना जॅक निसटला आणि गाडी त्यांच्या उजव्या पंजावर बसली. हाड जुळलं. महिन्याभराने चालायला लागले, सगळ्यांना सांगितलं, ठणठणीत आहे. एका सकाळी मी त्यांना शेकायला पाणी दिलं. मला वाटलं कोमट आहे, पण ते कढत होतं. ते पाय बुडवून पेपर वाचत बसले. मी आले तर कातडीला फोड आलेले, आणि ते पेपरातली बातमी मला वाचून दाखवतायत. मी बघितलं. मी बघितलं ते त्यांनी बघितलं. मी फडकं आणलं, पाय पुसला, मलम लावलं. दोघंही बोललो नाही. घोट्याखाली नुसतं लाकूड होतं, समजलीस? पेडल दाबता येत होतं. किती दाबलंय, गाडी खाली काय करतेय, ते काही कळत नव्हतं.

चार दिवसांनी घाटाची शर्यत. नाव आधीच दिलेलं. त्या शर्यतीत बाजूच्या सीटवर सोबती नाहीतर तेवढ्या वजनाचं वाळूचं पोतं न्यायचा नियम होता. सकाळी मी पोतं उचलून बाहेर टाकलं आणि जाऊन बसले. लोकांनी खूप चेष्टा केली. उस्ताद वाळूऐवजी बायको नेतो म्हणाले. एक जण म्हणाला, "वहिनी, वजन बरोबर भरतं का?" मी म्हटलं, "तुमच्या अकलेपेक्षा जास्त भरतं."

ती गाडी लांब नाकाची. सीटं पार मागे, मागच्या चाकांच्या पुढ्यातच. बसलं की शेपटीवरच बसल्यासारखं. चौथ्या वळणावर माझ्या खुब्याखाली काहीतरी सरकलं, पट्टा घसरायच्या आधी फरशी थरथरते ना, तसं. मी घाबरून त्यांचा गुडघा दाबला. स्टिअरिंग डाव्या बाजूला, त्यामुळे त्यांचा उजवा गुडघा माझ्या हाताशीच. त्यांनी पाय उचलला. गाडी सरळ झाली.

त्या दिवशी पहिल्यांदा दाबला तो भीतीने. पाचव्या वळणापासून काम म्हणून.

सोळा वर्षं. बत्तीस शर्यती. एकोणीस चषक, ते कपाटावर धूळ खातायत. पाय त्यांचा, हात त्यांचे, डोळे त्यांचे, आणि छाती होती हो, ती माझ्यात नव्हती. फक्त खालचं जे कळायचं ते मला. त्यांनी कधी विचारलं नाही, हात का ठेवतेस. मी कधी सांगितलं नाही. घरी आलो की ते अंघोळीला आणि मी गिरणीत.

आता समजलं, मी नाही का म्हणत होते? त्यांचा पाय नव्हे, माझा खुबा गेलाय. मागच्या वर्षी डॉक्टरांनी उजव्या बाजूला पोलादाचा बसवला. त्याला काही कळत नाही. मी आता बाजूला बसले तरी पोत्यासारखीच.

तू हुशार आहेस, पण चुकीच्या माणसाला विचारलंस. डब्याला शिकवायचं असेल तर मला विचार. डावी बाजू अजून माझीच आहे. शुक्रवारच्या बसने येते. म्हाताऱ्याला सांगितलंय, डोळे तपासायला चाललेय.

आजी

२९ मार्च

आजी,

तू गेल्यापासून मी हा आलेख भिंतीवर लावलाय. एक प्रत सोबत पाठवतेय. कसा वाचायचा ते लिहिते.

निळी रेघ म्हणजे मागची चाकं पुढच्यांपेक्षा किती जास्त फिरली. लाल ठिपके म्हणजे तू. मी तुझ्या हातात जुन्या स्कूटरच्या हॉर्नचं बटण दिलं होतं ना, ज्याला तू 'हे काय खेळणं' म्हणालीस, ते डब्याला जोडलेलं होतं. गुडघा समजून दाब, एवढंच मी सांगितलं. मी गाडी चालवली आणि तू एक्केचाळीस वेळा दाबलंस.

आता बघ. शेपूट डावीकडे सुटली त्या प्रत्येक वेळी लाल ठिपका निळी रेघ वर जायच्या आधी आहे. दरवेळी आधी! सेकंदाचा पाचवा भाग. चाकाने अजून एकही बोल्ट जास्त मोजलेला नाही, डब्याला काही पत्ता नाही, आणि तुझं बोट पडलेलं आहे. मला वाटलं वायर चुकली. सगळं पुन्हा जोडलं, पुन्हा तेच. तू विचारलं होतंस ना, चाक घसरायच्या आधी गाडी हलते ते डब्याला कळतं का? नाही कळत, आजी. या डब्यात ते नाहीच.

शेपूट उजवीकडे सुटली, तुझ्या पोलादाच्या बाजूला, तिथे मात्र तू उशिरा आहेस. चार वेळा तर ठिपकाच नाही.

मी गॅरेजात एकटी बसून हे पुन्हा पुन्हा बघितलं. बत्तीस शर्यती दोन माणसांनी मिळून एक पाय बनवला, आणि तो पाय कुणाला दिसला नाही.

तुझ्या ठिपक्यांवरून मी कळ लावली. तीनवर. आजोबा दहा म्हणत होते! डबा तुझ्याइतका आधी बोलू शकत नाही, पण तिनावर तो तुझ्या मागोमाग बोलतो, आणि दोन्ही बाजूंना सारखाच. शेवटच्या फेरीत, आठवतं? शेपूट उजवीकडे निघाली, डबा बोलला की लागणारा समोरचा छोटा दिवा लुकलुकला, इंजिनने घसा खाकरल्यासारखं केलं, गाडी सरळ. तुझं बोट हललंच नव्हतं. तू डोळे उघडून त्या दिव्याकडे बघितलंस. तुला असं कुणाकडे बघताना मी कधी पाहिलं नाही.

त्यावरून आठवलं. पूर्ण वेळ तू डोळे मिटून का बसली होतीस? भीती वाटते का?

आजोबांना काय सांगू?

ठिणगी

३ एप्रिल

ठिणगे,

आलेख मिळाला. पिठाच्या डब्यात ठेवलाय, तिथे ते हात घालत नाहीत.

भीती कसली? डोळे उघडे ठेवले की डोळेच बोलत बसतात, मग खालचं ऐकू येत नाही. कामाच्या वेळी मी मिटूनच बसायचे. घाटातही.

त्या दिव्याचं मलाही नवल वाटतंय अजून. माझ्या हाडात जिथे काही उरलं नाही तिथलं त्याला कळलं. घरी येऊन मी पोलादाच्या बाजूवर हात ठेवून बघितला. म्हटलं, बघ, तुझ्यासारखाच लोखंडाचा, पण शिकलेला.

त्यांना सांग, डबा तुमच्याच पायावर लावलाय. दुसरं काही नाही. बूट मी माळ्यावरून काढून दारात ठेवले. त्यांनी बघितले, आणि दुपारी पॉलिशची डबी शोधत होते.

मीही बसणार आहे. पोतं ठेवायचं नाही.

आजी

१९ एप्रिल

आजी,

माझा आवाज अजून बसलेलाच आहे, इतकी ओरडले मी खालच्या फाटकाशी. तुम्ही पहिल्या वळणाला गेलात तो आवाज डोंगराने कितीतरी वेळ परत केला. मग तुम्ही बोगद्यातून खाली आलात, तर दोघांच्याही तोंडाला कुलूप! आजोबांनी किल्ली हातात ठेवली, म्हणाले, "चांगली आहे." तू म्हणालीस, "बसची वेळ झाली." ही काय पद्धत झाली?

म्हणून मी नोंदीला विचारलं. तेवीस वळणांत डबा दोनशे बारा वेळा बोलला. एकदाही शेपूट सुटली नाही. आजोबांचं पेडल म्हणजे बघत राहावं, काय धाडस आहे त्या माणसात!

पण एक कोडं सुटत नाही. सतराव्या वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर, आजोबांनी पाय पूर्ण उचलला. चाकं घसरत नव्हती. डबा गप्प होता. पुढे काही आडवं आलं म्हणावं तर ब्रेक नाही. आठ सेकंद गाडी नुसती सुटल्यासारखी गेली आणि मागची लाल गाडी तुमच्या पुढे निघून गेली. उस्तादांच्या पुढे! हे का झालं? पेडलच्या सेन्सरमध्ये बिघाड असेल तर मला सगळं खोलावं लागेल.

ठिणगी

२५ एप्रिल

ठिणगे,

काही खोलू नकोस. सांगते.

खाली फाटकाशी उभे होतो तेव्हाच मी ठरवलं होतं, हात लावायचा नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले. झेंडा पडला आणि ते इंजिन ओरडलं. मला कानाने कमीच ऐकू येतं, पण ते छातीत ऐकू आलं. पहिलं वळण आलं. सवयीने माझे डोळे मिटले. आणि काय सांगू, त्यांचा गुडघा आपोआप माझ्याकडे सरकला. पंचवीस वर्षांनी. गाय धार काढायला उभी राहते तसा.

मी हात हलवला नाही. घट्ट धरून ठेवला, गुडघा दाबायचा मोह मलाही होत होता. तेवढ्यात डब्याने घसा खाकरला, आणि गाडी वळण घेऊन पलीकडे. दुसरं वळण. तिसरं. पाचव्याला गुडघा परत जागेवर गेला.

मग मला काही काम उरलं नाही. काम नसताना डोळे मिटून काय करायचं? उघडले.

ठिणगे, मी तो घाट बत्तीस वेळा चढलेय आणि मला माहीतच नव्हतं तिथे काय आहे. डाव्या हाताला जमीन नाहीच. जमीन संपते आणि नुसतं निळं सुरू होतं. त्याच्या तळाशी नदी, आपल्या शिवणाच्या दोऱ्याएवढी, आणि ऊन पडलं की तेवढाच दोरा चमकायचा. ज्या रस्त्याने आम्ही वर आलो तो खाली पडलेला, कुणीतरी टाकून दिलेल्या दोरखंडासारखा, वळणावर वळण. मी म्हटलं, याच्यावरून आलो आपण? डोंगर एकामागे एक, मागचा पुढच्यापेक्षा फिका, शेवटचा आहे की नाही तेच सांगता येईना. एवढं मोठं माझ्या शेजारी सोळा वर्षं उभं होतं आणि मी खुब्यावर बसून होते. मला राग नाही आला. मी एवढी म्हातारी झाले, पण तोंड उघडं ठेवून बघत बसले, ते सुकलं तरी कळलं नाही.

दहाव्या वळणाला ते म्हणाले, मोठ्याने, मला ऐकू यावं म्हणून, "काय गं, हात कुठाय?"

"मांडीवर."

"कुणाच्या?"

"माझ्या. तुम्ही पुढे बघा."

दोन वळणांनंतर म्हणाले, "ठिणगी म्हणते, डबा माझ्या पायावर लावलाय."

"हो का?"

"खोटं बोलते. माझा पाय इतका शहाणा कधीच नव्हता."

बेचाळीस वर्षांत हे पहिलं बोलणं, त्यावर घाईने काय बोलायचं? दिवा लुकलुकला, मी दिव्याकडे बघितलं. तेही बघत होते, तेवढ्या वेगात.

आणि मग सतरावं. तिथे रस्ता थोडा सरळ आहे. दरीत एक मोठा पक्षी पंख पसरून तरंगत होता, आमच्या खाली. खाली, ठिणगे! पक्षी मी जन्मभर पोटाकडून पाहिलेत. याची पाठ दिसत होती. तपकिरी, मध्ये एक सोनेरी पट्टा, आणि त्या पाठीवर ऊन पडलेलं. पक्ष्याच्या पाठीवर ऊन पडतं हे मला ठाऊक नव्हतं. त्यांना दाखवावं म्हणून मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

त्यांनी ताबडतोब पाय उचलला.

गाडी मंदावली. मागची लाल गाडी भोंगा वाजवत पुढे गेली, आतला म्हातारा दात काढून हसत होता. मला वाटलं, आता ओरडतील. ते म्हणाले, "का दाबलंस? डबा तर गप्प आहे."

मी म्हटलं, "पक्षी दाखवायचा होता."

त्यांनी मान वळवली आणि बघितला. नीट बघितला. मग पेडल दाबलं.

म्हणून तिथे आठ सेकंद पाय उचललेला आहे. बिघाड नाही. त्या नोंदीतून ते पुसू नकोस.

आजी